जाहिरातीत सहा एअरबॅग, गाडीत दोन: आता डीलरशी काय बोलावं?

पत्र: सहा वर्षांची एक गाडी डीलरच्या जाहिरातीत पाहिली. ‘एकच मालक, ४१,००० किलोमीटर, टॉप व्हेरिएंट, सहा एअरबॅग, फुल सर्व्हिस हिस्ट्री, अपघात नाही’ असं त्यात लिहिलं होतं. फोनवर ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ म्हणाले, म्हणून बघायच्या आधीच टोकन पाठवलं. प्रत्यक्ष गेले तर कागदांवर दोन मालक, एअरबॅग दोनच आणि सर्व्हिस बुकातली शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची, ३८,००० किलोमीटरची. डीलर म्हणतात, जाहिरात टाकणाऱ्या मुलाची चूक झाली, गाडी एक नंबर आहे, थोडं कमी करून देतो. टोकन मात्र परत मिळणार नाही म्हणतात. गाडी मला आवडली आहे. घ्यावी का? नाही घेतली तर टोकन गेलंच समजायचं का?

उत्तर: टोकन गेलं असं मुळीच समजू नका. मोठी रक्कम अजून तुमच्याच खात्यात आहे, त्यामुळे घाई तुम्हाला नाही, डीलरला आहे. मात्र त्यांना पुढचा फोन करण्याआधी एक काम आजच उरका. ती जाहिरात जपून ठेवा. चूक दाखवली की जाहिरात बदलली जाते किंवा उडवली जाते, आणि मग ‘आम्ही असं लिहिलंच नव्हतं’ याला तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

नुसत्या किमतीचा आणि फोटोचा स्क्रीनशॉट पुरत नाही. जाहिरात क्रमांक, डीलरचं नाव, टाकल्याची तारीख आणि वैशिष्ट्यांची पूर्ण यादी दिसली पाहिजे. ही यादी बहुतेक वेळा ‘आणखी पाहा’च्या मागे दडलेली असते, ती उघडून घ्या. मग मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून पान वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवा. सगळं स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, म्हणजे तारखेची नोंद आपोआप होते. फोनवर जे बोलणं झालं, ते त्याच दिवशी डीलरला मेसेजमध्ये लिहून पाठवा: ‘आज आपण फोनवर असं असं सांगितलंत.’ त्यांनी उत्तर दिलं नाही तरी मेसेज राहतो.

आता ‘मुलाची चूक’ हे खरं असू शकतं का? असू शकतं. जाहिरात भरताना मॉडेल आणि व्हेरिएंट यादीतून निवडायचं असतं आणि निवडलेल्या व्हेरिएंटची वैशिष्ट्यं पुष्कळदा सॉफ्टवेअर स्वतःच भरतं. एक ओळ चुकली की एअरबॅग, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय व्हील, स्थिरता नियंत्रण असं सगळं चुकीचं येतं. काही डीलर गाडी लिलावातून किंवा दुसऱ्या डीलरकडून घेतात आणि तिथलंच वर्णन उचलून डकवतात. आधीच्या मालकाने सांगितलेलं न तपासता छापणारेही आहेत. पण खरी चूक दोन्ही बाजूंना होते. कधी वैशिष्ट्य जास्त लिहिलं जातं, कधी असलेलं लिहायचं राहून जातं. तुमच्या जाहिरातीतल्या तिन्ही तफावती एकाच बाजूला, गाडीची किंमत वाढवणाऱ्या बाजूला झुकलेल्या आहेत. दुसरी कसोटी अगदी सोपी आहे. चूक सांगून दोन दिवस झाले, जाहिरात दुरुस्त झाली का? तुमच्या समोर ‘चूक झाली’ म्हणायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीच जाहिरात तशीच ठेवायची, याला चूक म्हणता येत नाही.

तीन तफावतींपैकी सगळ्यात गंभीर कोणती? एअरबॅग डोळ्यांत भरतात, पण माझ्या मते खरी अडचण सर्व्हिस बुकातल्या खंडातून दिसणाऱ्या किलोमीटरची आहे. हिशेब मांडून पाहा. पहिल्या साडेतीन वर्षांत गाडी ३८,००० चालली, म्हणजे महिन्याला सुमारे ९०० किलोमीटर. पुढच्या अडीच वर्षांत फक्त ३,०००, म्हणजे महिन्याला १००. असं होण्याची मुख्य कारणं दोन: गाडी बहुतेक उभी होती, नाहीतर मीटर मागे फिरवलेला आहे. दोन्हींचा माग काढता येतो.

गाडी खरंच उभी असेल तर बॅटरी नव्याने बदललेली सापडेल, ब्रेकच्या डिस्कच्या कडांना गंजाचा जाड पापुद्रा असेल, आणि टायर एकाच जागी दबून राहिल्यामुळे सुरुवातीला गाडी हलकी थरथरेल. मीटर फिरवला असेल तर हात-पाय लागणाऱ्या जागा बोलतात. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा बोटाने चाचपून पाहा. ४१,००० किलोमीटरला त्या रेघा ठळक लागायला हव्यात. गुळगुळीत असतील, किंवा जुनाट गाडीत रबर कोरं करकरीत असेल, तर प्रश्न विचारा. स्टीअरिंगवर हाताची पकड राहते तिथली चमक, ड्रायव्हर सीटची दाराकडची फुगीर कड, दार ओढायचा खाचा, खिडकीच्या काचेचं बटण हे सगळं एकाच वयाचं दिसलं पाहिजे. सीट कव्हर असेल तर उचलून खालचं पाहा.

पुरावा म्हणून याहून भक्कम असतात त्या विसरलेल्या नोंदी. मीटर फिरवणारा डॅशबोर्डवरचा आकडा बदलतो, पण दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चिकटवलेला ऑइल बदलल्याचा स्टिकर काढायचा राहतो. त्यावर ‘पुढचं ऑइल इतक्या किलोमीटरला’ असं हाताने लिहिलेलं असतं. ग्लव्ह बॉक्समधल्या टायरच्या पावत्या, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, विम्याच्या दाव्याचे कागद, धुराच्या तपासणीच्या पावत्या, सगळे पाहा. त्यातल्या एकावर जरी ४१,००० पेक्षा मोठा आकडा असला तरी बोलणं तिथेच संपवा. बऱ्याच गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद डॅशबोर्डशिवाय गिअरबॉक्स किंवा ब्रेकच्या कंट्रोल युनिटमध्येही असते. त्या ब्रँडचा पूर्ण स्कॅनर, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर वाचणारं यंत्र, असलेल्या गॅरेजला ती वाचता येते.

टायरवरून एक छान पडताळणी होते. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ने सुरू होणारा लांब कोड असतो. त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी टायर बनला: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २००० सालापासून हीच पद्धत आहे. कोड कधी कधी टायरच्या आतल्या अंगाला येतो, त्यामुळे खाली वाकून पाहावं लागतं. स्टेपनी गाडीच्या वयाची आणि बाकी चारही टायर नंतरचे, असं असेल तर मूळ टायर ४१,००० च्या आत का संपले ते विचारा. याला रास्त कारण असू शकतं, पण ते डीलरने पावतीसकट दाखवावं.

दुसरा मालक असणं हा गाडीचा दोष नाही, फक्त किंमत बदलते. मात्र हस्तांतरणाची तारीख नक्की विचारा. ती अडीच वर्षांपूर्वीच्या आसपास असेल तर चित्र स्पष्ट होतं: पहिल्या मालकाने गाडी नीट सांभाळली, दुसऱ्याने अधिकृत सर्व्हिसिंग केलंच नाही किंवा बाहेर केलं. बाहेर केलं असेल तर बिलं मागा. बिलं नसतील तर ‘फुल सर्व्हिस हिस्ट्री’ हा शब्द जाहिरातीतून गेला पाहिजे, आणि ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि किलोमीटर किंवा वयाप्रमाणे टायमिंग बेल्ट यांचा खर्च तुमच्या हिशेबात धरला पाहिजे. टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्ती इंजिन उघडण्यापर्यंत जाते, म्हणून ‘बदललाय’ या तोंडी शब्दावर राहू नका. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. आधीचा मालक व्यक्ती होती की भाड्याने गाड्या देणारी कंपनी, आणि गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, हेही नोंदणीच्या कागदांवरून त्याच वेळी पाहून घ्या.

एअरबॅग मोजायला मेकॅनिक लागत नाही. जिथे एअरबॅग असते तिथे ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ ही अक्षरं असतात: स्टीअरिंगच्या मधोमध, शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर, पुढच्या सीटच्या दाराकडच्या अंगाला शिवलेल्या छोट्या पट्टीवर, आणि छताजवळ दारांमधल्या खांबाच्या वरच्या टोकाला. पुढे दोन, बाजूंना दोन, पडद्यासारख्या दोन, अशा सहा होतात. पुढच्या वेळी गाडीच्या आतले फोटो मोठे करून पाहिलेत तर हे बरेचसं घरबसल्या कळेल. व्हेरिएंटची खात्री चेसिस नंबरवरून होते. तो १७ अक्षरांचा आणि अंकांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला त्यावरून गाडी कोणत्या व्हेरिएंटची, कोणत्या महिन्यात बनली आणि त्यांच्याकडे कधी सर्व्हिसिंगला आली हे दिसतं. ते अनोळखी माणसाला सांगत नाहीत, म्हणून प्रिंट आणून द्यायची जबाबदारी डीलरवर टाका. सहज मिळणारा कागद आणायला जो कांकूं करतो, त्याला त्या कागदात काय आहे ते ठाऊक असतं.

एक गोष्ट तुम्ही अजून तपासलेली नाही, ती म्हणजे ‘अपघात नाही’ हा दावा. तीन गोष्टी खोट्या निघाल्यावर चौथीवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. किल्ली फिरवून फक्त दिवे लावा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण फुटलेल्या एअरबॅग न बदलता दिवाच बंद करणारे लोक आहेत. काही जण तो ऑइलच्या दिव्याच्या वायरीला जोडतात, म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर दोन्ही एकदम विझतात. इंजिन न लावता पाहायचं ते एवढ्यासाठीच. मग पुढचा सीट बेल्ट टोकापर्यंत ओढा. तळाशी शिवलेल्या पट्टीवर बनावटीची तारीख असते. ती गाडीच्या वर्षाशी जुळत नसेल तर बेल्ट बदलला आहे, आणि बेल्ट सहसा जोरदार धडकेनंतरच बदलतात. त्याच ओढलेल्या बेल्टवर चिखलाची आडवी रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज पाहिला की खात्री पटते.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असतं. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन भरतो. २००-३०० म्हणजे पुन्हा रंगवलेलं, आणि ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. एक दार रंगवलेलं असणं हे ओरखड्यामुळेही होतं, त्याने घाबरू नका. छताचे खांब, दारांच्या चौकटी आणि बॉनेटखालच्या लोखंडी तुळया यांवर आकडा चढला तर मात्र गाडीचा सांगाडा हललेला असू शकतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही, तिथे स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का ते पाहा.

हे सगळं डीलरच्या माणसाकडून करून घेऊ नका. त्यांच्याशी काही संबंध नसलेला मेकॅनिक न्या आणि गाडी थंड असताना पोहोचा. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर कोणीतरी आधीच इंजिन लावून ठेवलंय. थंड इंजिन लावतानाचा खडखडाट आणि निळा धूर गरम इंजिन लपवतं. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि फक्त ‘कोड नाहीत’, म्हणजे बिघाडाची नोंद नाही, एवढ्यावर थांबू नका. ‘रेडिनेस’ नावाचं एक पान असतं. त्यात गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच घेतो त्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. त्या चाचण्या पूर्ण व्हायला गाडी अनेकदा थंड होऊन पुन्हा चालावी लागते, त्यामुळे हे तिथल्या तिथे झाकता येत नाही. स्वस्त स्कॅनर मात्र फक्त इंजिनचं वाचतात. एअरबॅगचं युनिट वाचणारा आहे का, ते आधीच विचारून ठेवा.

टोकनसाठी फोनवर वाद घालू नका, लेखी पाठवा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘आपल्या जाहिरात क्रमांक अमुकमध्ये एकच मालक, सहा एअरबॅग आणि संपूर्ण सर्व्हिस हिस्ट्री असं लिहिलं आहे. अमुक तारखेला गाडी पाहिली तेव्हा कागदांवर दोन मालक आणि गाडीत दोन एअरबॅग आढळल्या, आणि शेवटच्या अडीच वर्षांच्या सर्व्हिसच्या नोंदी मिळाल्या नाहीत. मी टोकन या वर्णनावर विसंबून दिलं होतं. वर्णन जुळत नसल्यामुळे टोकनची पूर्ण रक्कम सात दिवसांत त्याच खात्यावर परत करावी.’ सोबत स्क्रीनशॉट जोडा. राग, आरोप, ‘फसवणूक’ हा शब्द, काही नको. पुढे हा मेसेज तिसऱ्या माणसासमोर जाऊ शकतो, आणि त्याला तारखा आणि आकडे हवे असतात. ‘नॉन रिफंडेबल’ पावतीवर छापलेलं असलं तरी ते तुम्ही मन बदललंत तर लागू होतं असं म्हणता येईल. इथे मन तुम्ही बदललेलं नाही, माल वर्णनाप्रमाणे निघाला नाही. सात दिवसांत हालचाल झाली नाही तर तोच मेसेज पुराव्यासह जाहिरातीच्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागाला पाठवा, आणि कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवा. त्याला मुदत असते, उशीर करू नका.

त्यापुढचा रस्ता देशाच्या कायद्यावर ठरतो. भारतात दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते, आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे डीलरकडून घेतलेली गाडी वर्णनाशी जुळली नाही तर पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. अमेरिकेत मीटर मागे फिरवण्यावर १९७२ पासून केंद्रीय कायद्याची बंदी आहे. पण भारतातले आणि ब्रिटनमधले हे हक्क मिळतात ते व्यावसायिकाकडून घेतल्यावर. म्हणून काही डीलर शेवटच्या क्षणी बिल आधीच्या मालकाच्या नावाने करतात आणि स्वतः ‘फक्त मध्यस्थ’ होतात. बिलावर विक्रेता म्हणून दुकानाचंच नाव हवं.

राहिला प्रश्न घ्यावी का. मीटर, सांगाडा, पाणी किंवा चेसिस नंबर यांपैकी एकातही खोट निघाली तर कितीही सूट दिली तरी सोडा. या चार गोष्टींना ‘थोडं कमी’ करून योग्य ठरेल अशी किंमत नसते. चारही निर्दोष निघाल्या तर गाडी घ्यायला हरकत नाही, पण सूट जाहिरातीतल्या किमतीतून मोजू नका, कारण ती किंमत जी गाडी अस्तित्वातच नाही तिची आहे. त्याच वर्षाच्या, खरोखर त्याच खालच्या व्हेरिएंटच्या, दोन मालक असलेल्या पाच-सहा गाड्यांच्या किमती काढा. मधली पकडा आणि राहिलेल्या सर्व्हिसिंगचा खर्च त्यातून वजा करा. तो आकडा सांगा आणि गप्प बसा. ‘दुसरी पार्टी येतेय’ पुन्हा ऐकू येईल. येऊ द्या.

व्यवहार ठरलाच तर करारावर हाताने का होईना, हे लिहून घ्या: चेसिस नंबर, त्या क्षणी मीटरवरचा आकडा, मालकांची संख्या, व्हेरिएंट, एअरबॅगची संख्या, ‘विक्रेत्याच्या माहितीनुसार अपघात, पाणी किंवा मीटरमध्ये बदल झालेला नाही’ हे वाक्य, आणि दुकानाचा सही-शिक्का. सही करण्याआधी ‘आहे तशी’ ही छापील ओळ शोधा. ती सर्वसाधारणपणे खालच्या बाजूला बारीक अक्षरात असते. ती खोडायला सांगा, आणि नाही खोडली तर वरच्या वाक्यांना ती लागू नाही असं शेजारी लिहून घ्या. जाहिरातीची प्रिंट कराराला टाचणी मारून जोडा, चुकीच्या ओळींवर रेघ मारून शेजारी दोघांच्या सह्या घ्या. उरलेले पैसे दुकानाच्या खात्यावर, आणि ते सुद्धा दुसरी किल्ली हातात पडल्यावर.